खुर्चीत बसलेली मुंबई

फर्निचरच्या कुठल्याही चकाचक शोरूममध्ये शिरा. एसीचा गार झोत, मंद म्युझिक आणि एका कोपऱ्यात हमखास मांडलेलं 'बॉम्बे कलेक्शन'! काळ्या-पिवळ्या रंगाची खुर्ची, कटिंग चहाच्या ग्लासांचं झुंबर, डबेवाल्याच्या डब्यासारखं स्टूल, कुशनवर बेस्टची लाल डबलडेकर... आणि किमतीचा टॅग असा, की तो वाचल्यावर आपण मनातल्या मनात टॅक्सीतून उतरून थेट बसस्टॉपवर जाऊन उभे राहतो.

पण दिसतं मस्त, हे मान्य करायलाच हवं. पगारवाढीचं पत्र किंवा नव्या वन बीएचकेची किल्ली हातात पडली, की आपल्यातल्या प्रत्येकाला वाटायला लागतं, बास झाली ती प्लास्टिकची खुर्ची आणि जमिनीवरची गादी. आता घराला थोडं कॅरेक्टर हवं. आणि कॅरेक्टरच हवं असेल, तर आपल्या शहराइतकं कॅरेक्टर आहे कुणाकडे?

गंमत बघा. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली ओरिजिनल काळीपिवळी, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ सालची होती. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये, जुन्या डिझेल डबलडेकर बसचीही शेवटची फेरी झाली. रस्त्यावरून दोघी गेल्या आणि कुशनवर कायमच्या येऊन बसल्या. शहरातली एखादी वस्तू रिटायर झाली, की तिची पुढची नेमणूक थेट आपल्या हॉलमध्ये होते!

यात वाईट काहीच नाही. आठवणी विकत घ्यायला कुणाची ना नाही. पण कार्ड स्वाइप करायच्या आधी एक छोटासा प्रश्न. आपण शहराचं चित्र विकत घेतोय, की शहराची अक्कल? कारण मुंबईच्या जुन्या फर्निचरमध्ये अक्कल भरपूर होती. दमट हवा, अपुरी जागा, सतत येणारी-जाणारी माणसं आणि बेताचा पैसा या चार गोष्टींनी ते घडवलं होतं. दोन वर्षांत अंगाला खडबडीत होऊन बाल्कनीत हद्दपार होणारं 'बॉम्बे' फर्निचर आणि पंचवीस वर्षं साथ देणारं फर्निचर यांच्यातला फरक तिथेच आहे.

व्हिएन्ना ते धोबीतलाव

सुरुवात अर्थातच इराण्याच्या खुर्चीपासून. धोबीतलावचं कयानी (१९०४), ग्रँट रोडचं बी. मेरवान (१९१४), बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया (१९२३), पुण्यात डेक्कनवरचं गुडलक (१९३५)... नावं घेतली तरी मस्क्याचा वास येतो. संगमरवरी टॉपची टेबलं, भिंतीवर मोठ्ठे आरसे आणि गोल बैठकीची, वाकवलेल्या पाठीची ती काळपट लाकडी खुर्ची. ही खुर्ची म्हणजे अस्सल मुंबई, असं आपण छातीठोकपणे सांगतो.

आणि ती मुळात मुंबईची नाहीच!

तिचा जनक मिखाएल थोनेट हा जर्मनीत जन्मलेला आणि पुढे व्हिएन्नात स्थिरावलेला कारागीर. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं, ही त्याची करामत. १८५९ मध्ये त्याने काढलेल्या १४ नंबरच्या खुर्चीत लाकडाचे फक्त सहा तुकडे होते, जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा एकाच खोक्यात मावायच्या. आज आपण खोक्यातून आणलेलं फर्निचर स्क्रू ड्रायव्हर घेऊन रविवारभर जोडत बसतो ना, त्याची ही खापरपणजी. थोनेटचे कारखाने पुढे मोराव्हियात, पोलंडमध्ये उभे राहिले. इराणी हॉटेलांचे मालक आपल्या खुर्च्या 'पोलंडच्या' किंवा 'झेकोस्लोव्हाकियाच्या' म्हणून अभिमानाने दाखवतात, ते उगाच नाही.

मग ही परदेशी पाहुणी इथली झाली कशी? सोपं आहे. ती हॉटेलवाल्याच्या कामाची होती. वजनाला हलकी, म्हणून पोऱ्या एका हाताने उचलून खालची फरशी पुसू शकतो. बैठक वेताच्या जाळीची असेल तर चहा सांडला तरी खाली गळून जातो आणि मे महिन्यात पाठीला घाम आला तरी बुडाखाली हवा खेळते. एक पाय ढिला झाला तर स्क्रू आवळायचा, काम तमाम. शिवाय बसायला बरी, पण तीन तास रेलून झोपावं इतकी बरी नाही. दिवसभर गिऱ्हाइकं फिरती राहायला हवीत, अशा धंद्याला आणखी काय हवं?

रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकानं म्हणे इतर व्यापारी अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्यांच्या वाट्याला आली. त्यांनी दोन्ही बाजूंनी दारं उघडली, उजेड आत घेतला, आणि भिंतीवर आरसे लावून गल्ल्यावर बसल्या बसल्या सगळ्या टेबलांवर नजर ठेवली. तिथल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी काम होतं. नुसती शोभेची अशी एकच गोष्ट असायची, ती म्हणजे 'केस विंचरू नका' छाप सूचनांचा बोर्ड, आणि तोही खरं तर कामाचाच.

पुढचा प्रवास तर फिल्मी आहे. २०१० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये डिशूम नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं, थेट मुंबईच्या इराणी कॅफेच्या धर्तीवर. म्हणजे व्हिएन्नाची खुर्ची मुंबईत आली आणि मुंबईची म्हणून परत युरोपात गेली! इकडे आपल्याकडची इराणी हॉटेलं मात्र शेकड्यांवरून बोटांवर मोजण्याइतकी उरली. जिथे ती बंद झाली, तिथल्या खुर्च्या भंगारात, चोर बाजारात आणि मग डिझायनर कॅफेंमध्ये पोचल्या. हॉटेल गेलं, खुर्चीचा भाव वाढला. हेरिटेजचं हे गणित जरा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

भेळ हीच परंपरा

'अस्सल मुंबई स्टाइल' शोधायला निघालात, तर पदरी भेळच पडते. एकोणिसाव्या शतकात इथल्या सुतारांनी शिसवी लाकडात कोरलेलं फर्निचर 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ओळखलं जायचं. आकार युरोपियन, नक्षी इथली आणि गिऱ्हाईक पारशी शेठ किंवा गोरा साहेब. पाय पसरायला लांबलचक हात असलेली वेताची आरामखुर्ची साहेबाच्या बंगल्यातून निघाली आणि कोकणातल्या आजोबांच्या ओटीवर अशी रुजली, की आज ती साहेबाची होती म्हटलं तर आजोबाच चिडतील.

मग आलं आर्ट डेको. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह, ओव्हल, दादर, शिवाजी पार्क, माटुंगा इथे नव्या धाटणीच्या इमारती उभ्या राहिल्या. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, सूर्यकिरणांची नक्षी असलेल्या जाळ्या, जहाजासारखे कठडे. माणसं वाड्यातून, चाळीतून 'फ्लॅट' नावाच्या नव्या गोष्टीत राहायला निघाली होती. आता फ्लॅटमध्ये मांडायचं काय? आजोबांचा अजस्र पलंग तर दारातून आत जाईना! १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरलं, ते याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. गोल कडांची सुटसुटीत कपाटं, भिंतीलगतचे दिवाण, कमी नक्षी आणि पुसायला सोपं. २०१८ मध्ये युनेस्कोने दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि डेको पुन्हा एकदम इन झालं.

आज शोरूममधल्या अर्ध्या साइडबोर्डवर त्याची छाप दिसते. गोल कोपरे, पितळी पट्ट्या, उभ्या खाचांची दारं. गोल कोपरे तर घ्याच, कारण लहान घरात येता-जाता गुडघा आपटत नाही. (डेको डिझायनरांनाही बहुतेक गुडघे होते!) पण त्या उभ्या खाचा? मुंबईची धूळ आणि आठवड्यातून एकदा मिळणारा आपला रविवार, एवढं लक्षात घ्या. एकेका खाचेत फडक्याचं टोक घालून बघा आणि मग ठरवा. मूळ डेको पुसायला सोपं होतं. त्याची नक्कल पुसायला अवघड असेल, तर तिने चेहरा घेतला आणि अक्कल शोरूममध्येच ठेवली, असं समजा.

जे कॅटलॉगमध्ये नसतं...

इराणी, पारशी, साहेबी, डेको, सगळं झालं. पण या शहरातली बहुसंख्य माणसं राहिली कुठे? चाळीत! आणि चाळीचं फर्निचर कुठल्याच 'बॉम्बे कलेक्शन'मध्ये दिसत नाही.

आठवून बघा. किंवा आई-बाबांना विचारा. भिंतीला टेकवून ठेवलेली फोल्डिंगची खाट. पलंगाखाली ट्रंका, त्यावर उश्या-चादरींचा ढीग, त्यावर टेबलक्लॉथ टाकला की झाली टीव्हीची जागा. जेवायला पाट, पूजेला चौरंग, आणि काम झालं की दोन्ही भिंतीशी उभे. भांड्यांची स्टीलची मांडणी, भिंतीतलं फडताळ, छताखालचा पोटमाळा. बाहेर सामायिक गॅलरीत बाकडं, म्हणजे अख्ख्या मजल्याचा ड्रॉइंगरूम. आणि ज्याच्याकडे गोदरेजचं कपाट, त्याचं घर 'सुखवस्तू'. गोदरेजने स्टीलची कपाटं बनवायला सुरुवात केली १९२३ मध्ये, आणि पुढे कित्येक लग्नांच्या याद्यांमध्ये त्याचा नंबर मंगळसूत्राच्या खालोखाल लागला.

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात पाच-सहा माणसं जेवायची, झोपायची, अभ्यास करायची आणि पाहुणा आला तर त्यालाही ठेवून घ्यायची. हे जमायचं, कारण घरातली प्रत्येक वस्तू दोन शिफ्टमध्ये कामाला होती. पुनर्विकासात याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. छानच झालं, कुणी १६० फुटांत कायम राहावं असं कोण म्हणेल? पण नव्या घरात जाताना ती खाट, त्या ट्रंका, ते बाकडं भंगारवाल्याकडे जातं. आणि मग आपण तीच कल्पना 'स्पेस सेव्हिंग मल्टिफंक्शनल' नावाने इएमआयवर परत घेतो. आहे की नाही धम्माल?

हे ज्यांना कळलं, त्यांनी मात्र कमाल केली. निपा दोशी ही मुंबईत जन्मलेली, अहमदाबादच्या एनआयडीत शिकलेली आणि लंडनमध्ये जोडीदारासोबत दोशी लेव्हियन स्टुडिओ चालवणारी डिझायनर. २००७ मध्ये या दोघांनी मोरोसो या इटालियन कंपनीसाठी 'चारपॉय' केला. म्हणजे आपली खाटच! बसा, लवंडा, गप्पा मारा, पट मांडून खेळा. गादीवर सोंगट्यांच्या पटाची नक्षीही होती. दिल्लीच्या गुंजन गुप्ताने सायकलवर पोती लादून जाणाऱ्या फेरीवाल्यावरून 'बोरी सायकल थ्रोन' ही खुर्ची केली. साहिल बग्गा आणि सार्थक सेनगुप्ता या दिल्लीच्याच जोडीने 'कतरन' मालिकेत वाया जाणाऱ्या चिंध्यांचे दोर वळून खुर्च्या विणल्या, खाट विणतात तशा. यातल्या कुठल्याच वस्तूवर ताजमहाल नाही की रिक्षाचं चित्र नाही. त्यांनी रस्त्यावरच्या माणसाची युक्ती उचलली, त्याचा फोटो नाही.

चंदीगडचा धडा

शहराचं फर्निचर वेळेवर ओळखलं नाही तर काय होतं, हे बघायचं असेल तर चंदीगडला चला.

१९५० च्या दशकात ल कॉर्बुझिएने ते शहर आखलं आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे तिथे राहून काम बघत होता. नव्या शहराची नवी सचिवालयं, कोर्ट, युनिव्हर्सिटी, हॉस्टेल, सगळ्यांना फर्निचर हवं होतं. तेही हजारोंच्या संख्येत आणि स्वस्तात. जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेत वापरून साध्या, दणकट खुर्च्या आखल्या. उलट्या व्हीसारखे पाय, वेताची पाठ. स्थानिक सुतारांनी त्या बनवल्या, त्यामुळे एकीचं माप दुसरीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. कारकून त्यावर बसले, विद्यार्थ्यांनी त्यावर नावं कोरली.

मग त्या जुन्या झाल्या. गच्चीवर, आवारात ढीग लागले आणि सरकारी खात्यांनी त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. परदेशी डीलर्सनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखो रुपयांना जायला लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर बंदीचा आदेश काढला, पण तोवर बरंच काही निघून गेलं होतं. २०१९ मध्ये कॅसिना या इटालियन कंपनीने जानरेला मानवंदना म्हणून त्या धर्तीची मालिका बाजारात आणली. आपल्याकडे बेंगळुरूची फँटम हँड्स ही कंपनी त्याच डिझाइनच्या खुर्च्या हाताने, जुन्या पद्धतीने बनवते. आणि 'चंदीगड चेअर'च्या स्वस्त नकला तर आता गल्लोगल्ली.

यात दोष डीलर्सचा किती आणि आपला किती, यावर वाद घालता येईल. पण एक गोष्ट पक्की. ज्या खुर्चीवर आपण रोज बसत होतो, तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यावर आपल्याला कळली. इराण्याच्या खुर्चीचं गणित आठवतंय ना? तेच.

बसनेवाला की दिखनेवाला?

मुंबईत चांगलं काम होत नाही असं अजिबात नाही. रूशाद श्रॉफ हा आर्किटेक्ट लाकडाला बारीक भोकं पाडून त्यात चक्क हाताने भरतकाम करून घेतो. या शहरातल्या भरतकाम कारागिरांची बोटं साडी-लेहेंग्यावरून थेट खुर्चीवर! बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईत आर्किटेक्ट, सुतार आणि गवंडी एकत्र काम करतात. त्या कामाचं प्रदर्शन २०२३-२४ मध्ये पॅरिसच्या फोंदासिओ कार्तिएमध्ये भरलं होतं. आणि २०१५ मध्ये सुरू झालेला टॅक्सी फॅब्रिक हा प्रकल्प आठवतोय? वेगवेगळ्या तरुण डिझायनरांनी काळीपिवळीच्या सीटपासून छतापर्यंतचं कापड डिझाइन केलं आणि त्यात शहराच्या गोष्टी सांगितल्या. टॅक्सीचं चित्र कुशनवर छापण्यापेक्षा टॅक्सीलाच नवं कापड चढवणं किती हटके!

आता तुम्ही म्हणाल, गॅलरीतलं फर्निचर गॅलरीतच शोभतं, आमच्या बजेटचं बोला. बोलूया की. त्यासाठी जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटला जायचं. एका गाळ्यात जुनी कपाटं, दुसऱ्यात मोडक्या आरामखुर्च्या, तिसऱ्यात 'अँटिक' म्हणून कालच घासलेलं टेबल. भुशाचा वास, पॉलिशचा वास, मध्येच चहावाला. तिथल्या एका मिस्त्रीला मोबाइलवर खुर्चीचा फोटो दाखवून, अशी बनवून मिळेल का, असं विचारलं. त्याने फोटो मोठा करून पाय बघितले, पाठ बघितली आणि विचारलं, "मॅडम, बसनेवाला चाहिए या दिखनेवाला?"

डिझाइनच्या कोर्सची तीन वर्षं त्याने एका वाक्यात गुंडाळली!

याच माणसांवर शहराचा हा सगळा वारसा उभा आहे, आणि तो नेमका इथेच निसटतोय. साधं वेताचं विणकाम घ्या. पूर्वी सरकारी ऑफिसांतल्या खुर्च्या वेताच्या असायच्या आणि त्या विणायचं काम वर्षानुवर्षं अनेक अंध कारागीर करत. नुसत्या स्पर्शावर चालणारं, पक्क्या पगाराचं काम. मग फोम आला, रेक्झिन आलं, साच्यातली प्लास्टिकची खुर्ची आली आणि विणायला खुर्च्याच उरल्या नाहीत. विणणारा मिळत नाही म्हणून आपण जाळी फाटलेली खुर्ची टाकून देतो, आणि खुर्च्या येत नाहीत म्हणून विणणारा पोराला दुसऱ्या धंद्यात घालतो. हे चक्र तोडायला युनेस्कोची गरज नाही. तुमच्या घरातली एक फाटकी खुर्ची पुरते.

खिशाला झेपेल असा फंडा

या वीकेंडला खरेदीला निघणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा.

१. वाक बघा. वाफेवर वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात. सरळ फळीतून गोल कापलेल्या तुकड्यात रेषा मध्येच तुटतात, आणि खुर्चीही एक दिवस नेमकी तिथेच तुटते. 'इराणी' म्हणून विकली जाणारी खुर्ची उजेडात धरून ही एक गोष्ट तपासा, निम्मा निकाल तिथेच लागतो.

२. वेत उलटून बघा. कडेला ओळीने भोकं असतील तर जाळी हाताने विणलेली, ती पुन्हा विणता येते. खाचेत दाबून बसवलेली तयार जाळी असेल तर ती फाटल्यावर पूर्ण बदलावी लागते. दोन्ही चालतील, पण हाताच्या विणकामाचे पैसे देऊन तयार जाळी घरी आणू नका.

३. आधी लिफ्ट मोजा, मग सोफा. जिन्याचं वळण आणि बेडरूमचं दारसुद्धा. 'वर कसा नेणार?' हा प्रश्न टेम्पो दारात उभा असताना पडू नये.

४. दोन शिफ्टचा नियम. चाळीचा हा नियम वन बीएचकेला चपखल बसतो. प्रत्येक मोठ्या वस्तूने किमान दोन कामं करायला हवीत. आत सामान मावणारं बाकडं, रात्री पलंग होणारा दिवाण. एकच काम करणारी वस्तू घ्यायचीच असेल, तर ती एकच घ्या, आणि जिवापाड आवडलेली घ्या.

५. जुनं घेताना खाली वाका. पायाशी पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर लाकडात कीड आहे. दुकानदार 'धूळ आहे' म्हणेल. पुसायला सांगा आणि चहा घेऊन परत येऊन बघा.

६. पावसाळ्यात फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, ओल आणि बुरशी दोन्ही दूर राहतात. दिवसभर एसी चालू असेल तर मात्र वेत कोरडा पडून तडकतो. अधूनमधून ओलसर फडकं बैठकीच्या खालच्या बाजूने फिरवा आणि वाळू द्या.

७. 'बनवलं कुणी?' हे विचारा. शोरूममध्ये डिझायनरचं नाव मोठ्या अक्षरात असतं. सुताराचं, विणणाऱ्याचं विचारा. ज्या दुकानाला याचं उत्तर देता येतं, त्याच्याकडे दुरुस्तीचीही सोय असण्याची शक्यता जास्त.

आणि सगळ्यात स्वस्त टिप. नवीन काही घ्यायच्या आधी एकदा गावी किंवा आजीच्या घरी चक्कर मारा. माळ्यावर एखादा पाट, एखादी पत्र्याची ट्रंक, पाय मोडलेली आरामखुर्ची पडलेली असेल. आईला विचारल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर वारसा बाजूला राहील आणि महाभारत घडेल. पण परवानगी मिळालीच, तर ती उचलून मिस्त्रीकडे न्या. दुरुस्तीचा खर्च ऐकून तुम्ही चकित व्हाल, आणि यावेळी चांगल्या अर्थाने.

काळीपिवळीचं कुशन घ्यायचं तर बिनधास्त घ्या, छान दिसतं ते. फक्त त्यामागे एक बसनेवाली खुर्ची असू द्या. म्हणजे ऑफिसातून दमून आल्यावर, बॅग टाकून टेकल्यावर, मुंबई तुमच्या पाठीलाही कळेल.